गालिच्यावर वाळलेला डिंक

गणेशोत्सव आटोपला, की मखर माळ्यावर जाते, उरलेला प्रसाद शेजारीपाजारी पोहोचतो आणि मग केव्हातरी आपले लक्ष जमिनीकडे जाते. फरशीवर रंगाचे ठिपके असतात, भिंतीवर चिकटपट्टीचे वण असतात आणि घरात गालिचा असलाच, तर त्यावर कोठेतरी वाळून बसलेला डिंक असतो. रंगाचे आणि चिकटपट्टीचे काय करावे, हे बहुतेक गृहिणी जाणतात. डिंकापुढे मात्र भले भले हात टेकतात. त्याविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगण्याचे आज योजिले आहे. विषय किरकोळ आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शुद्धलेखनापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत आमचे सर्व विषय वाचकांनी आजवर गोड मानून घेतले, तेव्हा हाही घेतील असा भरवसा वाटतो.

हे ज्ञान आम्ही ग्रंथांतून मिळवलेले नाही. गतवर्षीच्या भाद्रपदात आमच्याच घरी एक प्रसंग घडला. त्यात आमची मराठीची एम.ए. ही पदवी आणि मुख्याध्यापकपद, दोन्ही काडीच्या उपयोगाची ठरली नाहीत.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक जुना गालिचा आहे. आमचे आजोबा निजामी अमदानीत वरंगळला महसूल खात्यात नोकरीस होते. तेथील मट्टेवाड्यातल्या एका विणकराकडून त्यांनी तो घेतला. वरंगळच्या गालिच्यांचे त्या काळी मोठे नाव होते. १८५१ साली लंडनमध्ये जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात वरंगळचे गालिचे मांडले गेले होते. पुढे लोकरी गालिच्यांचे विणकाम मागे पडले आणि सुती सतरंज्यांनी त्यांची जागा घेतली. त्या सतरंज्यांना २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. आमच्या गालिच्याची कीर्ती अर्थात उंबरठ्याबाहेर गेलेली नाही. त्याची जमीन लाल, किनार निळी आणि एका कोपऱ्यात उंदरांच्या पराक्रमाची साक्ष देणारे रफू आहे. आमच्या मातोश्रींचे वय आता ब्याऐंशी. परंतु रोज सकाळी त्या याच गालिच्यावर मांडी घालून पोथी वाचतात. नवी नवरी म्हणून या घरात आल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना प्रथम याच गालिच्यावर बसवले होते. हे त्या कोणास मुद्दाम सांगत नाहीत. परंतु गालिचा झटकताना कोणी जोराने आपटला, तर त्यांना ते खपत नाही.

आमचा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे असतो. आमच्या भगिनी आदिलाबादेस असतात. मुलगा बारा वर्षांचा, हाताचा कुशल. त्यामुळे मखराचे काम त्याच्याकडे आपोआप आले. पुठ्ठा, रंगीत कागद आणि पांढऱ्या डिंकाची भलीमोठी बरणी घेऊन चतुर्थीच्या आदल्या रात्री तो उशिरापर्यंत बसला होता. मखर सुरेख झाले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याचे कौतुक केले. गौरींसोबत गणपतीचे विसर्जन झाले. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी केर काढताना कोपऱ्यातली तिवई उचलली, तो तिच्याखाली तळहाताएवढा, काचेसारखा चकचकीत आणि टणक असा डिंकाचा थर!

आम्ही तडक स्वयंपाकघरात जाऊन सुरी आणली. “अहो, जरा थांबा, कोणाला तरी विचारू,” असे सौभाग्यवती म्हणत होत्या. परंतु विचारण्याची सवय आमच्या पेशात कमी असते, सांगण्याचीच अधिक. सुरीच्या दुसऱ्या ओरखड्याला डिंकाची एक खपली निघाली आणि तिच्याबरोबर अंगठ्याच्या नखाएवढी लोकरही समूळ उपटून आली. खालच्या सुताची वीण उघडी पडली. मातोश्री काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती लाल लोकरीची खपली उचलली आणि पोथीच्या रुमालात गुंडाळून ठेवली.

मग आम्ही, शाळेत प्रार्थनेनंतर जो सूर लावतो त्या सुरात विचारले, “हे कोणी केले?” कोणीच उत्तर दिले नाही. भाचा ताटातल्या वरणभाताकडे पाहत बसला होता. उत्तर सर्वांना ठाऊक होते, आम्हांसही होते. तरी आम्ही प्रश्न दोनदा विचारला.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर मन त्या गालिच्यावरच होते. आमच्या शाळेत साफसफाई पाहणाऱ्या बाईंना सगळे आयम्मा म्हणतात. कार्यानुभवाच्या तासाला मुले जाजमावर डिंक सांडतात, खळ सांडतात, काय वाटेल ते सांडतात आणि संध्याकाळी जाजम स्वच्छ असते. हा चमत्कार कसा होतो, याचा विचार आम्ही इतक्या वर्षांत केला नव्हता. त्या दिवशी प्रथमच विचारले. आयम्मा हसल्या आणि आपल्या दखनीत म्हणाल्या, “सार, घिसो नक्को. गरम पानी में सिरका डालके कपडा भिगाव, उसके उपर रखके छोड देव. वो खुद नरम होता.”

घासू नका, भिजवा आणि सोडून द्या. पुढे जे काही सांगणार आहोत, ते या तीन वाक्यांचे भाष्य आहे.

प्रथम डिंकाची जात ओळखावी, कारण जातीवर उपाय अवलंबून असतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले चिकट पदार्थ बहुतेक स्वयंपाकघरातून किंवा रानातून येत. कणकेची खळ, बाभळीचा डिंक, चिंचोक्याची खळ, सुताराचा सरस. आपल्या तेलंगणातील चेरियाळचे चित्रकार कापडी पट तयार करताना आजही चिंचोक्याची खळ वापरतात. हे सारे पदार्थ वाळून कितीही कडक झाले, तरी पाण्याशी त्यांचे नाते तुटत नाही. बाभळीचा डिंक साध्या पाण्यानेही विरघळतो. खळ कोमट पाण्याने फुगते आणि सुटते. सरस आधी पाण्याने फुगतो आणि मग गरम पाण्याने वितळतो. यांपैकी काही सांडले असेल, तर कोमट पाण्याचा ओला कपडा आणि अर्ध्या तासाची सबुरी एवढे पुरे होते.

घरोघर ज्याला फेव्हिकॉल म्हणतात, तो पांढरा डिंक निराळ्या कुळातला. आपल्या देशात तो १९५९ साली बाजारात आला. त्याचा मूळ पदार्थ पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. हा पदार्थ १९१२ साली फ्रिट्झ क्लाट्टे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधला. बरणीत असतो तोवर त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून तो दुधासारखा दिसतो. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळतात आणि पारदर्शक, चिवट असे कातडे तयार होते. ते पुन्हा पाण्यात पूर्ण विरघळत नाही. मात्र पाणी शोषून पांढुरके होते आणि फुगते. ऊब लागली की मऊ पडते. सिरक्यातील आम्ल त्यात शिरले की आणखी सैल होते. कडक थंडीत हेच कातडे ठिसूळ बनते. गारवा, ऊब, पाणी आणि सिरका, या चारांवर सगळा उपाय उभा आहे.

डिंकानंतर गालिच्याची जात पाहावी. उलट्या बाजूने एखादा तंतू काढून चिमट्यात धरावा आणि पाण्याच्या वाटीवर ज्योत लावून पाहावा. केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम, कागद जळाल्यासारखा आला तर सूत किंवा ताग, आणि वितळून टोकाशी मणी झाला तर कृत्रिम धागा. हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये. त्यानंतर रंगाची परीक्षा. तिवई किंवा पलंग ज्यावर असतो, त्या कोपऱ्यात सिरक्याच्या पाण्यात भिजवलेला पांढरा कपडा पाच मिनिटे दाबून धरावा. कपड्यावर रंग उतरला तर तेथेच थांबावे आणि जाणत्या माणसाकडे जावे. वनस्पतीजन्य रंग आंबट-खारट स्पर्शाने पालटतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि कुंकू याच विद्येने होते, हे आपल्या घरातल्या स्त्रियांना सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष कृती. आम्ही जी केली, तीच क्रमाने सांगतो.

आधी कोरड्या ब्रशने धूळ काढली, नाहीतर पुढे तिचाच चिखल होतो. डिंकाचा थर जाड होता, म्हणून बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी दहा-पंधरा मिनिटे डागावर ठेवली. थर ठिसूळ झाल्यावर चमच्याच्या पाठीने हलकेच ठोकला, तेव्हा वरचा बराच भाग कपच्यांनी सुटला. तो बोटांनी वेचून काढला. सुरीला रजा दिली होती.

नंतर एक भाग पांढरा सिरका आणि दोन भाग कोमट पाणी, म्हणजे हाताला सोसेल एवढे ऊन, असे मिश्रण केले. सिरका पांढराच घ्यावा. उसाचा किंवा जांभळाचा घेतला तर डिंकाचा डाग जाऊन सिरक्याचा पडेल. त्यात पांढरे सुती फडके भिजवून, ठिबकणार नाही इतपत पिळून डागावर पसरले. गालिचा चिंब करावयाचा नसतो. पाणी तळापर्यंत मुरले, तर वाळावयास दिवस लागतात आणि तागाचा पाया असल्यास वर तपकिरी डाग उमटतो. पंधरा-वीस मिनिटांनी फडके बदलले. असे तीनदा केले. पारदर्शक कातडे दुधी दिसू लागले, तेव्हा ते सुटावयास तयार झाले असे समजलो.

मग कडेकडून मध्याकडे येत, लव ज्या दिशेने झुकते त्याच दिशेने, चमच्याच्या बोथट कडेने आणि जुन्या दातांच्या ब्रशने ते सोडवले. मध्यापासून कडेकडे गेल्यास डाग पसरतो. मऊ झालेला डिंक बोटांत गोळ्या होऊन येतो. जेथे अडेल तेथे ओढू नये, पुन्हा फडके ठेवावे. आमचा तो तळहाताएवढा थर निघावयास दोन संध्याकाळी लागल्या.

शेवटी रिठ्याचे पाणी. आठ-दहा रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून, पातळ फडक्याने दोनदा गाळून घ्यावेत आणि नुसता फेस टिपून डागाच्या जागी लावावा. रिठ्यात तीव्र खार नसतो, म्हणून लोकर आणि रेशीम धुण्यास आपल्याकडे तो पूर्वीपासून मानलेला आहे. फिकट रंगाच्या गालिच्यावर मात्र तो फार पातळ करूनच वापरावा, कारण त्याचे पाणी स्वतःच पिवळसर असते. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा टिपून सिरका आणि फेस दोन्ही काढून टाकावे.

वाळवण्याची हयगय करू नये. भाद्रपदात हैदराबादची हवा दमट असते आणि ओली लोकर कुबट होण्यास दोन दिवस पुरतात. कोरडा पंचा घालून त्यावर वजन ठेवावे, म्हणजे पाणी वर खेचले जाते. मग गालिच्याचा तो भाग दोन खुर्च्यांवर उचलून धरावा आणि पंख्याचा वारा दोन्ही बाजूंनी द्यावा. कडक उन्हात टाकू नये. जुने रंग फिके पडतात.

काही समजुतींचे निरसन करणे अवश्य वाटते. सिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतले की भरपूर फेस येतो आणि मोठे काम झाल्यासारखे वाटते. वस्तुतः आम्ल आणि खार एकमेकांना मारून टाकतात. फेस म्हणजे उडून जाणारा वायू, आणि खाली उरते ते जवळजवळ निरुपद्रवी खारट पाणी. नुसता सोडा लोकरीवर चोळणेही बरे नव्हे, खाराने लोकरीचा मऊपणा जातो. ओले फडके ठेवून वरून इस्त्री फिरवण्याचा उपाय काही जण सांगतात; परंतु कृत्रिम धाग्याचा गालिचा असेल तर डिंकाबरोबर गालिचाही वितळतो. घासलेट, पेट्रोल यांना तर घरात आणूच नये. आगीचे भय आहेच. शिवाय यंत्रावर केलेल्या पुष्कळ गालिच्यांची लव पाठीमागच्या रबरी लेपाने धरून ठेवलेली असते. तो लेप विरघळला तर डाग जाईल आणि त्यासोबत लवही जाईल.

सायकलच्या पंक्चरला लावतात तसले रबरी सोल्युशन सांडले असल्यास पाण्याचा उपयोग नाही. बर्फाने कडक करून जेवढे सुटेल तेवढे काढावे आणि उरलेल्यावर खोबरेल तेलाचा बोटभर हात देऊन अर्धा तास थांबावे. ते मऊ होऊन गोळा होते. तेलाचा डाग राहतो, त्यावर बेसन दाबून ठेवावे आणि मग रिठ्याचा फेस लावावा. मात्र रबरी पाठीच्या गालिच्याला तेलही वर्ज्य. क्षणात चिकटणाऱ्या डिंकाचे थेंब आणि दोन नळ्या कालवून करतात तो एपॉक्सी यांच्यापुढे घरगुती उपाय हरतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेथे लवेची फक्त वरची टोके कात्रीने अलगद कापावीत, आणि डाग खोल असल्यास रफूगराला शरण जावे.

आम्हांसही शेवटी रफूगराकडे जावे लागले, ते सुरीने पाडलेल्या भगदाडासाठी. जुन्या शहरातल्या एका वृद्ध रफूगरांनी मातोश्रींच्या रुमालातली ती खपली उजेडात धरून लाल रंग जुळवला आणि एकेक गाठ भरून जागा बुजवली. डिंकाचा डाग आज शोधूनही सापडत नाही. सुरीची जागा मात्र बोट फिरवले की कळते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या पहिल्या संध्याकाळी फडके ठेवून वीस-वीस मिनिटे नुसते बसावे लागत होते. आम्ही गालिच्याच्या एका बाजूला आणि भाचा दुसऱ्या बाजूला. कोमट पाणी आणून देण्याचे काम त्याने आपण होऊन घेतले होते. तिसरे फडके ठेवल्यावर तो खाली पाहत म्हणाला, “मामा, बरणी माझ्याच हातून कलंडली. मी रुमालाने पुसले. मग तिवई सरकवली.” आम्ही विचारले, “तेव्हाच का सांगितले नाहीस? मामी जागी होती.” तो म्हणाला, “तुम्ही पण जागे होता.”

यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. पांढरा डिंक ओला असताना साध्या ओल्या फडक्याने दहा मिनिटांत निघतो. त्यास सिरका लागत नाही, बर्फ लागत नाही, रफूगर तर नाहीच नाही. तो डिंक आमच्या गालिच्यावर आठवडाभर वाळत पडला, तो केवळ आम्ही जागे होतो म्हणून. ‘चूक झाल्यास तत्काळ सांगावे’ हे वाक्य आमच्या शाळेच्या फळ्यावर आम्हीच अनेकदा लिहवून घेतले आहे. सांगणाऱ्याचे पुढे काय होते, हे मुले फळ्यावर वाचत नाहीत, आमच्या चेहऱ्यावर वाचतात.

यंदा चतुर्थीच्या आदल्या रात्री आम्ही वर्तमानपत्र वाचत पडलो होतो. बैठकीच्या खोलीतून आरोळी आली, “मामा! डिंक सांडला!” आम्ही सवयीने कपाळाला आठी घातली असावी, कारण मातोश्री पलंगावरून म्हणाल्या, “अरे, आठ्या काय घालतोस? पोराने सांगितले ना? ऊठ, फडके आण.”

आम्ही उठलो आणि फडके आणले. दहा मिनिटांत गालिचा होता तसा झाला.